इलेक्ट्रिक गाडीला बाहेरचे बफर, स्प्रिंग, शॉकअप: माप, फिटिंग आणि वॉरंटीचा कागद

पाना हातात घेण्याआधी टेप घ्या. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, डिकी रिकामी करा, आणि चारही चाकांच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. डाव्या-उजव्या बाजूत १० मिमीपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर एखादा स्प्रिंग बसलेला किंवा खालच्या टोकाला तुटलेला असू शकतो. अशा स्प्रिंगवर बफर (वेटोळ्यांमध्ये बसणारी जाड कडी) चढवला की दुखणे झाकले जाते आणि आतून वाढत राहते. हे चार आकडे, तारीख आणि ओडोमीटरचा फोटो एकत्र ठेवा. पुढे अलाइनमेंटवाल्याला, सर्व्हिस सेंटरला आणि वेळ आलीच तर ग्राहक आयोगालाही हेच दाखवायचे आहेत.

इलेक्ट्रिक गाडीत एवढी काळजी का, याचे उत्तर वजनात आहे. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचे रिकामे वजन १,४०० किलो, म्हणजे पेट्रोल नेक्सॉनपेक्षा दीडशे किलोच्या वर. इंजिनाच्या जागी हलकी मोटर आली आणि जड बॅटरी जमिनीखाली, मधल्या भागात गेली. त्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार वेगळा वाटला गेला. स्प्रिंग त्या भाराप्रमाणे निवडलेला असतो. म्हणून दुकानदार ‘नेक्सॉनचा आहे, बसतो’ म्हणाला तरी पेट्रोल गाडीचा स्प्रिंग घेऊ नका. बसतो हे खरेच, पण गाडी मागून खाली बसते आणि बॅटरीची पेटी स्पीडब्रेकरच्या जवळ येते.

आधी दुखणे शोधा

शॉकअप गेला असे समजून जोडी बदलली आणि आवाज तसाच राहिला, असे इलेक्ट्रिक गाड्यांत फार होते. इंजिनाचा आवाज नसल्याने खालची प्रत्येक कुरकुर आत ऐकू येते, आणि बऱ्याचदा ती शॉकअपची नसतेच.

हळू चालवताना छोट्या खड्ड्यांवर टक-टक होत असेल तर आधी स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडचे बॉल जॉइंट हलवून पाहा. गाडी उभी असताना स्टिअरिंग वळवल्यावर स्प्रिंग ‘टण’ करून उडी मारल्यासारखा वाजला, तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडणीच्या) वरचे माउंट किंवा त्यातली बेअरिंग गेली आहे. ब्रेक मारताना एकदाच ‘धप’ झाले तर लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश, म्हणजे जोडातले रबर, तपासा. भरलेली गाडी मोठ्या स्पीडब्रेकरवर जोरात आपटत असेल तर बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा ठोकळा) झिजला आहे किंवा स्प्रिंग बसला आहे.

शॉकअप खरोखर गेल्याच्या खुणा दोन. बाहेरून तेल ओघळलेले असते. नुसता धुळीचा ओलसर थर नव्हे, तर धार. आणि टायरच्या पृष्ठभागावर हाताला लागतील अशा उंच-सखल लाटा पडतात. बॉनेट दाबून गाडी किती उसळते हे पाहण्याची जुनी रीत आजच्या गॅसच्या शॉकअपना फारशी उपयोगी नाही.

आणि पाच माणसे बसल्यावर गाडी मागून खाली बसते एवढीच तक्रार असेल, तर सर्वात आधी हवा बघा. भरलेल्या गाडीसाठी दारावरच्या स्टिकरवर वेगळा आकडा दिलेला असतो आणि तो फार थोडे लोक वाचतात.

कोणता पार्ट काय करतो

बफर म्हणजे स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये बसणारी रबराची किंवा पॉलियुरेथेनची जाड कडी. सर्वात स्वस्त, सर्वात जास्त विकली जाणारी आणि सर्वात कमी समजून घेतलेली वस्तू. स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येवर असतो. सहा वेटोळी काम करत असतील आणि बफरने एक जवळपास बंद केले, तर उरलेली पाच आधीपेक्षा सुमारे २० टक्के कडक होतात. गाडी थोडी वर उचलली जाते, भार घेऊन कमी बसते. पण शॉकअप जुन्याच स्प्रिंगच्या हिशेबाने बनलेला असतो. कडक स्प्रिंगची उसळी त्याला आवरत नाही आणि रिकाम्या गाडीची मागची बाजू नाचू लागते.

दुसरी अडचण गंजाची. बफर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये वाळू, चिखल अडकतो आणि स्प्रिंगवरचा रंग घासून काढतो. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत खाऱ्या हवेत ती उघडी जागा गंजते, आणि स्प्रिंग तिथेच तुटतो. बफर लावायचेच असतील तर फक्त मागे लावा, दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकाच्या वेटोळ्यात, आणि पावसाळ्याआधी व नंतर काढून धुवा. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत पुढे लावू नका. तिथे स्टिअरिंगबरोबर स्प्रिंगही फिरतो, बफर सरकतो आणि वरच्या बेअरिंगवर वाकडा भार येतो.

स्पेसर म्हणजे गाडी उंच करायला मध्ये घालायची जाड चकती. ते दोन प्रकारचे असतात आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. स्ट्रटच्या डोक्यावर, बॉडी आणि माउंटच्या मध्ये बसणारा २० मिमीचा स्पेसर अख्खा स्ट्रट २० मिमी खाली ढकलतो. स्प्रिंग जास्त दाबला जात नाही, म्हणून गाडीची चाल जवळपास तशीच राहते. पण चाक हवेत लटकते तेव्हा ते आधीपेक्षा २० मिमी खाली जाते, आणि ड्राइव्ह शाफ्टच्या (मोटरची ओढ चाकाला पोचवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचा कोन, ब्रेकचा होज आणि चाकाच्या सेन्सरची वायर या तिघांनाही तेवढे ताणले जावे लागते. दुसरा प्रकार स्प्रिंगच्या बैठकीखाली बसतो. त्यात लटकण्याची मर्यादा तीच राहते, पण चाक खाली जायला जागा कमी उरते. स्पीडब्रेकर उतरताना शॉकअप वरच्या टोकाला ठोकर खातो.

इलेक्ट्रिक मोटर थांबलेल्या अवस्थेपासूनच पूर्ण ओढ देते. वाढलेल्या कोनात शाफ्टवर ती ओढ पुन्हा पुन्हा आली की आधी जॉइंटवरचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडते आणि मग वळताना कट-कट सुरू होते. म्हणून पुढच्या चाकांवर २० मिमीच्या वर जाऊ नका. बाजारात ४० मिमीचे किट मिळतात, तरीही नाही.

उंची ही खरी गरज असू शकते. एमजी झेडएस ईव्ही २०२० मध्ये १६१ मिमी ग्राउंड क्लिअरन्सने आली आणि २०२१ च्या आवृत्तीत कंपनीने तो १७७ मिमी केला. म्हणजे तक्रार खोटी नव्हती. मात्र कंपनी उंची बदलते तेव्हा अलाइनमेंट, हेडलाइट, ब्रेक आणि सॉफ्टवेअर सगळे त्या उंचीला जुळवून पाहते. बाहेर बसवताना ते काम तुमच्या अंगावर येते.

शॉकअप घेताना कंपनीच्या कारखान्याला माल पुरवणाऱ्या ब्रँडचाच बाजारातला माल मिळतो का ते आधी पाहा. चाकणच्या पट्ट्यात असे शॉकअप बनतात आणि पुणे-नाशिककडे ते मिळायला अवघड जात नाही. खोक्यावर ईव्ही आवृत्तीचा पार्ट नंबर असायला हवा. नसेल तर दुकानदाराकडून बिलावर गाडीचे मॉडेल आणि साल लिहून घ्या. शॉकअप नेहमी जोडीने बदला, आणि त्याच वेळी माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचा बूट नवे घ्या. हे छोटे पार्ट वाचवले तर सहा महिन्यांत तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे शॉकअप असलेल्या गाडीत साधे शॉकअप घालू नका. वायर मोकळी राहते आणि डॅशबोर्डवर फॉल्ट येतो.

फिटिंग

गॅरेज निवडताना तीन गोष्टी विचारा: टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आहे का, भिंतीला किंवा स्टँडला बसवलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर आहे का, आणि इलेक्ट्रिक गाडीचे जॅक पॉइंट माहीत आहेत का. तिसऱ्याचे उत्तर डोळ्यांनी पाहा. बॅटरीची पेटी दोन्ही दारांच्या मधल्या जवळपास सगळ्या जागेत पसरलेली असते. जॅक किंवा लिफ्टचा पॅड तिला लागता कामा नये, लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवूनही नाही. दाराखालच्या पत्र्यावर खूण केलेल्या चार जागाच वापरायच्या. गाडी उचलली की लगेच बॅटरीच्या तळाचे आठ-दहा फोटो काढा: कडा, कोपरे, जुने ओरखडे, सगळे. नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या असतात; सस्पेन्शनच्या कामात त्यांना हात लावावा लागत नाही आणि लागत असेल तर काम चुकीच्या दिशेने चालले आहे.

चाक काढल्यावर ब्रेकचा कॅलिपर होजवर लटकवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. चाकाच्या वेगाच्या सेन्सरची वायर स्ट्रटवरच्या क्लिपमधून मोकळी करा. स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांभोवती खडूने किंवा मार्करने रेषा ओढा. परत बसवताना कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, जवळपास मूळ जागी येतो. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये काहीशे किलोचा जोर असतो. कॉम्प्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावून आलटून-पालटून सारखे फिरवा, आणि स्प्रिंगच्या टोकाच्या सरळ रेषेत कोणी उभे राहू नये.

वरचा नट इम्पॅक्ट गनने सोडणे-आवळणे ही सर्वात नेहमीची चूक. रॉड आतच फिरतो आणि सील जाते. मग तो थांबवायला कोणी चकचकीत रॉडला पकड लावतो, त्यावर चरा पडतो आणि नवा शॉकअप महिनाभरात गळतो. रॉडच्या टोकाला अ‍ॅलन की धरून हाताने आवळा. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे आत अडकलेली हवा जागेवर जाते. स्प्रिंगचे खालचे टोक बैठकीतल्या खाचेला टेकले पाहिजे. ते अर्धा इंच सरकले तरी गाडी एका बाजूला उंच राहते. नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) आणि ठरावीक कोनापर्यंत फिरवून आवळायचे नट-बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात. टॉर्कचे आकडे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीचे चालत नाहीत.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. लोअर आर्म आणि मागच्या बीमच्या (मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या) रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नका. आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा किंवा जॅकने आर्म नेहमीच्या उंचीवर आणा, आणि मग टॉर्क द्या. हवेत आवळलेला बुश गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मग सर्व्हिस सेंटर म्हणते की बाहेरच्या स्प्रिंगमुळे बुश गेला, आणि त्या वेळी ते अगदी चुकीचे नसते.

उंची बदलली असेल तर गाडी उचललेली असतानाच, चाके लटकलेल्या स्थितीत, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. होज आणि सेन्सरच्या वायरीला थोडी ढील उरली पाहिजे. ताणली जात असेल तर स्पेसर परत काढा. होज ‘थोडा खेचून’ बसवू नका.

बसवल्यावर लगेच

पुन्हा चार मापे घ्या. मग चारही चाकांचे अलाइनमेंट करा आणि आधीचे व नंतरचे दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या. बीमवाल्या मागच्या सस्पेन्शनमध्ये टो (चाकांची पुढची कड आत-बाहेर वळलेली असणे) आणि कॅम्बर सहसा जुळवता येत नाहीत, तरी आकडे छापून घ्या. टो बिघडलेला राहिला तर टायर आतून खाल्ला जातो आणि रेंजही कमी होते. इलेक्ट्रिक गाडीत हे आठवड्याभरात किलोमीटरच्या आकड्यावर दिसते. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणावा लागतो, नाहीतर स्थिरता नियंत्रणाचा दिवा लागू शकतो.

हेडलाइट आणि कॅमेऱ्याचा हिशेब सोपा आहे. नेक्सॉनच्या चाकांतले अंतर २,४९८ मिमी. फक्त मागची बाजू २५ मिमी उचलली तर गाडी १ टक्क्याने पुढे झुकते, म्हणजे २५ मीटरवर हेडलाइटचा झोत २५ सेंटिमीटर खाली पडतो. फक्त पुढे उचलली तर तेवढाच वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत मारतो. काचेवरचा कॅमेरा आणि पुढचा रडार असलेल्या गाडीत हाच कोन लेन ओळखण्यावर आणि आपोआप ब्रेक लागण्यावर परिणाम करतो. त्यांचे कॅलिब्रेशन अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच करावे लागते. ते करून द्यायला तयार आहेत का, हे पार्ट विकत घेण्याआधी विचारा; नकार आला तर अशा गाडीची उंची बदलू नका.

५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा आणि शाफ्टचे बूट हाताने चाचपून पाहा.

सर्व्हिस सेंटर ‘वॉरंटी गेली’ म्हणते तेव्हा

आधी समोरच्याची अडचण समजून घ्या. डीलर हा स्वतंत्र व्यापारी असतो. वॉरंटीत केलेल्या कामाचे पैसे त्याला कंपनीकडून मिळतात, आणि कंपनीने क्लेम नाकारला तर खर्च त्याच्या गळ्यात पडतो. म्हणून बाहेरचा पार्ट दिसला की अ‍ॅडव्हायझर आधीच हात झटकतो. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. त्याला कंपनीकडे पाठवता येईल असा कागद हवा असतो, तो तुम्ही द्या.

वॉरंटी एकच नसते. गाडीची वेगळी, बॅटरी आणि मोटरची वेगळी; त्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीला बॅटरी-मोटरवर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर होती. पुस्तिकेतले ‘यात समाविष्ट नाही’ हे पान नीट वाचा. बफर लावल्याने चार्जर, एसीचा कॉम्प्रेसर किंवा स्क्रीन बिघडत नाही. तिथे नकार टिकत नाही. चाकाची बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट, माउंट, बुश आणि टायर यांचा मात्र उंचीशी आणि कडकपणाशी थेट संबंध आहे. तिथे नकार आला तर तो मान्य करण्याची तयारी ठेवूनच पार्ट बसवा. बॅटरीच्या पेटीला खालून दगड लागला तर ती बाहेरची इजा. ती वॉरंटीत नसतेच, विम्याचे काम आहे. त्यासाठी विमा कंपनीला बदल आधी ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेला आदेश इथे कामाचा आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट घालू नये, आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असे त्यात म्हटले आहे. दंडाचा विषय पुढे अपिलांत गेला, पण नुकसानाचे कारण दाखवा हा मुद्दा तुम्ही पत्रात नेमका मांडू शकता.

जॉबकार्डवर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या. ‘आवाज येतो’ असे मोघम लिहू नका. ‘२० च्या वेगाने डावीकडे वळताना पुढच्या डाव्या चाकातून कट-कट’ असे लिहा. नकार मिळाला तर हे तीन प्रश्न ईमेलने पाठवा: कोणता पार्ट बिघडला? बसवलेल्या पार्टमुळे तो कसा बिघडला? वॉरंटी पुस्तिकेच्या कोणत्या कलमाखाली नकार आहे? सोबत आधीची-नंतरची मापे, अलाइनमेंटचे प्रिंट, बिले आणि बॅटरीच्या तळाचे फोटो जोडा. अ‍ॅडव्हायझरने उत्तर टाळले तर सर्व्हिस मॅनेजर, आणि मग कंपनीच्या ग्राहक सेवेकडून तक्रार क्रमांक घ्या. तोंडी नकाराला पुढे काही किंमत नसते.

मूळ स्प्रिंग आणि शॉकअप डावे-उजवे लिहून, तेलाचा हात फिरवून घरी ठेवा. सर्व्हिस सेंटरने ‘मूळ पार्टवर आणून तपासू’ म्हटले तर ती मागणी रास्त आहे आणि बहुतेक वाद तिथेच मिटतो. पण सर्व्हिसच्या आदल्या दिवशी गुपचूप मूळ पार्ट चढवून ‘कधी काही बसवलेच नाही’ म्हणू नका. बोल्टवरच्या ताज्या खुणा मेकॅनिकला लगेच दिसतात, आणि मग खरी मागणीही खोटी ठरते.

आरटीओची बाजूही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा सांगितले. कलम १८२अ खाली प्रत्येक बेकायदा बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ मापाचा शॉकअप बदलणे ही दुरुस्ती आहे. चॅसी किंवा बॉडी कापून, वेल्डिंग करून उंची वाढवणे हा बदल आहे, आणि इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीजवळ वेल्डिंग म्हणजे जिवाशी खेळ आहे.

कंपनीकडूनही उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे करता येते, आणि वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ती मोजण्यासाठी लेखी नकाराच्या ईमेलची तारीख लागते.